दूध तोडल्याचा दुसरा दिवस

वासरांचं आईचं दूध सोडवायला गाई आदल्या सकाळीच शेजारच्या कुरणात घेतल्या होत्या. वासरं होती तिथेच ठेवली. पुष्कळ जण उलट करतात, वासरंच नव्या जागी नेतात. आई तुटली, जागा नवी, गव्हाण अनोळखी, हे सगळं एकदम अंगावर आलं की वासरू चारा टाकतं आणि मग न्यूमोनियाला वाट मिळते. खच्चीकरण, शिंगं काढणं हेही याच दिवसांत नको, काही आठवडे आधी उरकावं.

वासरं सहा-सात महिन्यांची, खुराकाला, म्हणजे दाणा-पेंडीला, लागलेली. दोन कुरणांमधल्या कुंपणाच्या जाळीतून माय-लेकरांना एकमेकांना पाहता, हुंगता येतं, पण भोकं लहान हवीत. डोकं आत गेलं की वासरू सड धरतंच, आणि एकदा प्यायलं की सगळं पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तांबडी कालवड नजरेत भरली. बाकीची हंबरत होती. ही नुसती कुंपणालगत येरझाऱ्या घालत होती. डाव्या कुशीत खळगा, नाकपुड्या कोरड्या. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसेना. ताप पाहिला, 39.1 अंश सेल्सिअस, म्हणजे वासराला ठीकच. खोकला नाही, नाकातून स्राव नाही. ही तहान होती. वासरं आईमागून पाण्यावर जातात. आई पलीकडे गेली की कुरणाच्या मध्यावरची टाकी त्यांच्या लेखी उरत नाही.

टब कुंपणाला लावून ठेवला आणि नळाची बारीक धार त्यात सोडली. पाणी पडल्याचा आवाज आला, कालवडीचे कान वळले, मग तोंड. सुरुवातीला नुसतं ओठ बुडवून फुरफुरली आणि मग खाली मुंडी घालून प्यायली. गव्हाणही कुंपणाला काटकोनात आडवी टाकली, म्हणजे फेऱ्या मारणारं वासरू तिला अडखळतंच. आधी लांब सुकं गवत, खुराक बेताने. उपाशी पोटी भसकन खुराक पडला तर पोट आंबतं.

गाईंची कास तट्ट झाली होती. तरी पिळायची नाही; पिळली की पान्हा चालूच राहतो, कासेतल्या दाबानेच दूध आटतं. त्यांचा खुराक बंद, फक्त सुकं वैरण. मात्र एखादा सड गरम, दगडासारखा कडक लागला किंवा गाय मागचा पाय फाकून चालू लागली, तर तो दगडी, म्हणजे कासेचा दाह, समजून डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावं.

साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाई आपण होऊन चरत लांब जाऊ लागतात. तरी जाळी आठवडाभर हलवू नये, आणि पाण्याचा टब तर नाहीच.