कारण माहीत नाही, पण घराजवळ कबुतरं आहेत का?

बाबांच्या फाईलवर आता मोठ्या अक्षरात आयपीएफ लिहिलंय, म्हणजे इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. जखम भरल्यावर वण राहतो ना तसे वण फुफ्फुसात पडत जातात आणि फुफ्फुसं कडक होतात. आणि इडिओपॅथिक म्हणजे का झालं ते माहीत नाही. खरं सांगते मला आधी हसूच आलं, एवढा भारदस्त शब्द आणि अर्थ काय तर 'कोण जाणे'.

त्याआधी दीड वर्ष कोरडा खोकला. एका डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला, दुसऱ्यांनी एक्सरे बघून टीबीच्या गोळ्या चालू केल्या, थुंकीत जंतू सापडला नव्हता तरी. बाबांनी सहा महिने मुकाट्याने घेतल्या. शेवटी एका छातीच्या डॉक्टरांनी पाठीवर अगदी खाली स्टेथोस्कोप ठेवला आणि मलाच म्हणाले, या, ऐका. श्वास आत घेतला की चर्रर्र, बीपीच्या मशीनचा पट्टा सोडताना होतो ना अगदी तस्सा आवाज. मग बाबांची बोटं बघितली, टोकं फुगून नखं गोल झालेली, आणि आम्ही रोज ते हात बघत होतो!

मग सुरू झाले प्रश्न. घराजवळ कबुतरं आहेत का, कूलर वापरता का, पाणी कधी बदलता, भिंतीला ओल आहे का, सांधे दुखतात का, हृदयाची कुठली गोळी चालू आहे का. मी मनात म्हटलं कारण माहीत नाही म्हणता मग ही उलटतपासणी कशाला. तर त्याचं उत्तर असं की आयपीएफ म्हणायच्या आधी बाकी सगळे संशयित बाद करावे लागतात. २०१७ साली भारतातल्या २७ सेंटरमधल्या १०८४ पेशंटचा अभ्यास छापून आलाय, त्यात जवळपास निम्म्यांना कबुतरं, बुरशी असल्या गोष्टींच्या ऍलर्जीतून होणारा फुफ्फुसाचा आजार निघाला, त्यातल्या साधारण निम्म्या लोकांच्या घरी कूलर होता (साठलेल्या पाण्यात बुरशी धरते ना), आणि खरा आयपीएफ १४ टक्क्यांच्या आसपास. हा फरक महत्त्वाचा कारण ऍलर्जीवाल्या आजारात कबुतरं-कूलर तोडलं आणि स्टिरॉइड दिलं तर अनेकांना फरक पडतो, आयपीएफमध्ये मात्र स्टिरॉइडचा फायदा नाही, उलट २०१२ मध्ये एका चाचणीत स्टिरॉइडसोबत आणखी दोन औषधं दिलेल्यांचे मृत्यू जास्त दिसले म्हणून ते मधेच थांबवावं लागलं.

आमच्याकडे कबुतरं नाहीत, कूलर नाही. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये, फुफ्फुसाच्या खालच्या कडेला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. म्हणजे आयपीएफच.

मग प्रश्नांची दुसरी फेरी. वय ६७, पुरुष, दोन्हीने धोका वाढतो. सिगारेट, वीस वर्षं ओढली, सोडून पंधरा झाली, पण सोडल्यावरही धोका पूर्ण जात नाही म्हणे. काम काय करायचात? नाशिकला, सातपूरच्या कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर. डॉक्टरांनी पेन थांबवलं. धातूची आणि लाकडाची धूळ, दोन्हींचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय. मला आठवलं आई बाबांचा शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची आणि बादलीच्या तळाला काळा चमचमता गाळ राहायचा, लहानपणी मी त्यात बोट फिरवायचे. ऍसिडिटी? बाबांची जुनीच. तिचाही संबंध दिसतो, पण ऍसिडिटीची गोळी घेऊन फायब्रोसिस थांबतो असं काही सिद्ध झालेलं नाही.

आणि मग एकदम, केस कधी पांढरे झाले?

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. बाबांचे पंचविशीतच, लग्नाच्या फोटोत कलप लावलाय हा घरातला ठरलेला जोक. मोठे काका पण तसेच, आणि ते 'दम्याने' गेले, त्यांची नखं कशी होती आता कोण सांगणार. पेशीत जनुकं ज्यावर असतात त्या क्रोमोसोमच्या टोकाला टेलोमिअर नावाच्या टोप्या असतात, काही घराण्यांत ते जनुकांमुळेच आखूड असतात, त्यांच्यात केस लवकर पिकतात आणि फुफ्फुसंही लवकर थकतात. दुसरं एक जनुक कफाशी संबंधित, एमयूसी५बी, त्यातला धोक्याचा बदल २०११ मध्ये सापडला. पण तो असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही, हेही डॉक्टरांनी लगेच सांगितलं, बहुतेक माझा चेहरा बघून. मी २८ पासून मेंदी लावते.

भावाला गुन्हेगार हवा होता. कंपनीवर केस करू म्हणाला. बाबा म्हणाले, अरे माझ्या शेजारच्या मशीनवर होता तो अजून सोमेश्वरच्या देवळात चालत जातो. भाऊ गप्प झाला, पण त्या दिवसापासून त्याने गॅलरीत सिगारेट ओढणं बंद केलंय. सोडली की जागा बदलली ते मी विचारलेलं नाही.

आता पिरफेनिडोन चालू आहे. बरं करत नाही, वेग कमी करतं, आणि ऊन सोसत नाही त्यामुळे बाबा सकाळी सातलाच टोपी घालून फिरून येतात. पलंगाच्या डोक्याकडे ऍसिडिटीसाठी दोन विटा घातल्यात. भेटायला येणारे विचारतात, कशाने झालं हो? बाबा सगळं ऐकून घेतात, दम खातात आणि उलट विचारतात, तुमच्याकडे कबुतरं आहेत का?