तिनाच्या दोन झाल्या: सायकली कमी करतानाचा माझा अनुभव

जिन्याखाली तीन सायकली होत्या: कॅरिअरवाली हायब्रिड, डांबरी रस्त्यासाठी २५ मिमी टायरची रोडबाइक आणि डोंगरवाटांसाठी २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक). तिघींचं काम एका ग्रॅव्हल सायकलवर (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारी) भागेल का, हे ठरवण्याआधी मी आठ आठवडे वही ठेवली. कुठली सायकल, किती किलोमीटर, रस्ता कसला, सामान किती आणि सायकल कुठे लावली. हा शेवटचा रकानाच पुढे निर्णायक ठरला.

मग गिअर मोजले. पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा परीघ: पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळतं. सगळ्यात हलक्या गिअरला रोडबाइक (३४ ला २८) २.५५ मीटर जाते, एमटीबी (२२ ला ३२) १.४२ मीटर. ग्रॅव्हलवर ३० ला ३४ आणि ३८ मिमी टायर धरला तर १.९२ मीटर. म्हणजे सिंहगडाचा चढ रोडबाइकपेक्षा निश्चित सोपा, पण सुट्या दगडांच्या खड्या वाटेवर उतरून ढकलावी लागणार. मला ते चालणार होतं. वरच्या टोकाला ४६ ला ११ म्हणजे मिनिटाला ९० फेऱ्यांत ताशी ४९ किमी; त्याहून जास्त वेग मला फक्त उतारावर लागतो, आणि तिथे पेडल कोण मारतं!

एकाच सायकलला चाकांचे दोन जोड ठेवायचे, एकावर ३० मिमी गुळगुळीत टायर आणि दुसऱ्यावर ४० मिमी खाचांचे, हा सल्ला सगळे देतात. त्यातली मेख अशी की दोन्ही जोडांचे डिस्क रोटर (ब्रेकच्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) तंतोतंत एका जागी येत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी चाक बदलल्यावर ब्रेक घासतो, आणि चाक हाताने फिरवलं की दर फेरीला एकाच जागी ‘खर्र’ ऐकू येतं. दर वेळी कॅलिपर (चकतीला दाबणारा ब्रेकचा भाग) हलवत बसू नका. जो रोटर आत बसतो त्याच्याखाली ०.२ मिमीचे शिम (पातळ धातूच्या कड्या) घाला. एकदाच अर्धा तास जातो. दोन्ही कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचे संच) सारख्याच दातांच्या घ्या, नाहीतर चेनची लांबी आणि गिअरचं सेटिंग दोन्ही बिघडतं. ११ स्पीडची चेन ०.५ टक्का ताणली की लगेच बदला. ताणलेल्या चेनने एक कॅसेट झिजवली की नवी चेन तिच्यावर दात सोडायला लागते, आणि जुनी चेन कमी वापरलेल्या दुसऱ्या कॅसेटवर नीट बसत नाही.

विकत घेताना दोन गोष्टी हाताने तपासल्या. फ्रेमला कॅरिअर आणि मडगार्डची भोकं आहेत का. आणि मडगार्डसकट हँडल वळवल्यावर बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का. लहान मापाच्या फ्रेममध्ये हे हमखास लागतं. पावसाळ्यात ताम्हिणीच्या चिखलात रेझिनचे ब्रेक पॅड भराभर झिजतात. मेटलचे जास्त टिकतात, पण रोटरवर ‘फक्त रेझिन’ असं कोरलेलं नाही ना, ते आधी पाहा.

रोडबाइक आणि एमटीबी विकल्या. हायब्रिड मात्र राहिली. वहीत ५६ पैकी २३ दिवस सायकल मंडईबाहेर किंवा स्टेशनपाशी कुलूप लावून तासन्‌तास उभी होती. तिथे महाग चाकांची, हायड्रॉलिक ब्रेकची सायकल सोडून जायला माझं मन धजत नाही. हायब्रिडला नवी चेन, जाड साखळीचं कुलूप आणि मागे जाळीची टोपली एवढाच खर्च केला.