अर्धी वीत वर

गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’मध्ये (१९६७) एक पाद्री चर्च बांधण्यासाठी पैसे जमवतोय. तो कपभर दाट, वाफाळतं चॉकलेट एका दमात पितो, रुमालाने ओठ पुसतो आणि जमिनीपासून वर उचलला जातो. मूळ स्पॅनिशमध्ये मोजून १२ सेंटिमीटर. दहा फूट वर गेला असता तर वाचकाने हात जोडले असते किंवा पुस्तक मिटलं असतं. अर्ध्या वितीवर वाद कोण घालणार?

जादुई वास्तववादाची, म्हणजे अशक्य गोष्ट रोजच्यासारखी सांगणाऱ्या लेखनशैलीची, मेख या मोजमापात आहे. मकोंदोत, म्हणजे कादंबरीतल्या गावात, पाऊस पडतो तो ४ वर्षं, ११ महिने आणि २ दिवस. ‘सुमारे पाच वर्षं’ लिहिलं की ती थाप वाटते. वरचे दोन दिवस आले की कुणीतरी खिडकीत बसून मोजत होतं असं वाटतं.

दुसरा आधार घरातल्या वस्तूचा. कादंबरीतल्या सुंदर रेमेदियोस या तरुणीला मार्केसला आकाशात न्यायचं होतं, पण प्रसंग काही केल्या पटेना. शेवटी त्याला वाऱ्याशी भांडत चादरी वाळत घालणारी बाई दिसली आणि रेमेदियोस चादरींसकट वर गेली. नंतर तिच्या वहिनीला, फर्नांदाला, दुःख कशाचं? आपल्या चादरी गेल्याचं! नवे लेखक नेमके इथे घसरतात. त्यांची पात्रं आ वासून बघत राहतात, मग कुणीतरी कारण सांगायला लागतं, आणि गोष्टीची परीकथा होते.

सिनेमात हे काम संगीत आणि स्लो मोशन बिघडवतात. उलट ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ (१९९२) हा सिनेमा बघा: स्वयंपाकघरात जन्मलेल्या नायिकेच्या, तिताच्या, आसवांचा पूर ओसरल्यावर उरलेलं मीठ झाडून पोत्यात भरलं जातं, स्वयंपाकाला. डोळ्यांसमोर राहतं ते पोतं.

आकड्याची ताकद मात्र पुस्तकाबाहेरही गेली. १९२८ साली कोलंबियातल्या सिएनागा इथे संपावरच्या केळीमजुरांवर सैन्याने गोळीबार केला. मेले किती, यावर आजही एकमत नाही. कादंबरीला साजेल असा ३,००० हा आकडा मार्केसने स्वतः ठरवला. याच कादंबरीत मात्र मकोंदोचे गावकरी म्हणतात, इथे कुणी मेलंच नाही. उडत्या पाद्र्यावर विश्वास ठेवणारं गाव याच एका गोष्टीवर ठेवत नाही. पुढे कोलंबियाच्या सिनेटमध्ये एका वक्त्याने त्या हत्याकांडातल्या ३,००० अनाम हुतात्म्यांसाठी मिनिटभर स्तब्धता पाळायला सांगितली. ही नोंद मार्केसनेच आत्मचरित्रात केली आहे.