फुगलेल्या चाकाचं माप घेऊ नका

आत्याच्या सांगलीतल्या गावभागातल्या घरी एक व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. 2019 च्या महापुरात खालचा मजला बुडाला, हा माडीवर होता म्हणून वाचला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. यंदा श्रावणात मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं, तर स्टेशन फिरवणारं मोठं चाक, ज्यावर काट्याची दोरी गुंडाळलेली असते, ते तीन जागी तडकलेलं. बोट लावलं तर काठाचा तुकडा भिजल्या बिस्किटासारखा निघून आला.

हे चाक ओतीव जस्ताचं. वर्कशॉपात आम्ही या धातूला मझाक म्हणतो. ओतताना जस्तात शिसं राहिलं, टक्क्याचा शंभरावा भाग जरी राहिलं, तरी पुढं दमट हवेत धातूच्या कणांच्या सांध्यांतून गंज आत शिरत जातो. आधी वस्तू फुगते, मग तडकते. 1929 साली इकडं कृष्णेवर आयर्विन पूल झाला, त्याच साली अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीनं 99.99 टक्के शुद्ध जस्ताचे मिश्रधातू काढले, ते याच दुखण्यावर. पण एकदा अशुद्ध ओतलेल्या वस्तूला नंतर औषध नाही. तापवून डाग द्यायला जावं तर ती वितळून बसते. इपॉक्सीनं तड बुजते, आतलं फुगणं थांबत नाही.

म्हणून नवं चाक करायचं ठरवलं. कुपवाड एमआयडीसीत मी एकतीस वर्षं लेथवर काढली, आता तिथं माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा आहे. त्यानं तुकडे जुळवून व्हर्निअर लावला. "काका, एकशे दोन पूर्णांक पाच. टाकू का जॉब?"

"थांब. हे चाक फुगलंय, त्याचं माप खोटं आहे."

खरं माप शेजारच्या न फुगलेल्या भागांत असतं. गँग कंडेन्सर, म्हणजे स्टेशन निवडणारा भाग, ज्याच्या दांड्यावर हे चाक बसतं, तो अर्धाच फेरा फिरतो, म्हणजे काटा चाकाच्या अर्ध्या परिघाइतका सरकतो. काटा ज्या पोलादी पट्टीवरून घसरतो तिच्यावर इतक्या वर्षांच्या घासण्याच्या खुणा होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत 157 मिलिमीटर भरलं. दुप्पट करून 3.14 नं भागा: चाकाचा व्यास बरोबर 100. तडकलेल्या चाकाबरहुकूम केलं असतं, तर काटा चार मिलिमीटर जास्त धावला असता. आणि हे 100 दोरीच्या खाचेच्या तळाचं माप, बाहेरच्या काठाचं नव्हे. इथं खूप जण चुकतात.

चाक अॅल्युमिनिअमचं केलं. पितळेचं जड झालं असतं. दांडा पाव इंची, म्हणजे 6.35, पोरगा साडेसहाचं ड्रिल हातात घेऊन उभा होता. सहाचं मारायला लावलं आणि रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार, फिरवला. चाक दांड्यावर डुगडुगलं तर सगळी मेहनत वाया.

जुनं चाक काढायलाच मला दोन दिवस लागले. दांड्याशी तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, मग हलक्या हातानं कापून काढायचं. ठोकायचं नाही, व्हाइसमध्ये धरायचं नाही. मागं एका चावीच्या ग्रामोफोनचा टोनआर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या नळीचा, कोपरा मी व्हाइसमध्ये धरला आणि त्याचे चार तुकडे झाले. ती पेटी एका मिरजकर म्हाताऱ्या गृहस्थांची होती. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ते तिच्यावर ऐकायचे. त्यांना पितळेचा कोपरा करून दिला, पण तो दिवस अजून आठवतो.

रेडिओच्या काचेवर आत्याच्या यजमानांनी, आमच्या मामांनी, निळ्या रंगाची बारीक टिकली लावून ठेवली होती: आकाशवाणी सांगली, 1251 किलोहर्ट्झ. दोरी ओवून झाल्यावर सिग्नल जनरेटरवर, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी देणाऱ्या यंत्रावर, 1251 लावलं आणि बटण हळूहळू फिरवत आणलं. आवाज भरला तेव्हा काटा टिकलीच्या खाली उभा होता. आत्या चष्मा पुसून जवळ आली, काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथंच लावायचे ते."