आयत्या वेळचे विषय

बचत गटाचं इतिवृत्त ज्यांनी कधी लिहिलंय त्यांना शेवटची ओळ पाठ असते : 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'. त्याखाली बहुतेक वेळा 'विषय नाही' असं लिहून सह्या घेतल्या जातात. रजिस्टर मिटतं, बायका उठतात, आणि चपला घालता घालता खरी बैठक सुरू होते. कुणाचा नवरा परत प्यायला लागलाय, कुणाच्या मुलीची फी अडलीय, कुणी खासगी फायनान्सचं आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेतलंय आणि गटात सांगितलेलं नाही. बैठका घेणाऱ्यांना शिकवण्याचं काम मी सोळा वर्षं करते आहे. त्या चपलांच्या ढिगाजवळ जे कळलं, ते सतरंजीवर बसून क्वचितच कळलं.

या बैठका चालवणारी माणसं मात्र एकेकटी असतात. गावातल्या बचत गटांना मदत करणारी सीआरपी, अनेक गटांवर लक्ष ठेवणारी सहयोगिनी, पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांत ग्रामसभेसाठी लोकांना जमवणारा पेसा मोबिलायझर, पाणलोट समितीचा सचिव, आरोग्याचं काम करणाऱ्या आशांच्या गटप्रवर्तक. नेमणूक झाली की तीन-चार दिवसांचं प्रशिक्षण होतं, पुढची कित्येक वर्षं फक्त फॉर्म येत राहतात. पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. पण समोर दहा जणी गप्प आहेत आणि अकरावी रडते आहे, तेव्हा काय करायचं हे विचारायला कुणी नसतं. या लोकांचा आपसात मेळ असावा, महिन्यातून एकदा त्यांनी भेटावं, असं मी आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघी, अशा आम्हा तिघींच्या मनात फार दिवस होतं. दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा विषय आम्ही ठरवले, तज्ज्ञ आम्ही बोलावले. लोकांनी वहीत सगळं उतरवून घेतलं आणि तिसऱ्या महिन्यापासून यायचे थांबले.

तिसऱ्या खेपेला आम्ही ओपन स्पेसच्या पद्धतीने जायचं ठरवलं. आम्ही तिला 'मोकळी बैठक' म्हणतो. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ साली वर्षभर खपून अडीचशे लोकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. संपल्यावर लक्षात आलं की लोकांना आणि खुद्द त्यालाही सगळ्यात आवडल्या त्या चहाच्या सुट्ट्या. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला पुढचं एक संमेलन झालं, तेव्हा त्याने विषयपत्रिकाच ठेवली नाही. लोकांना गोल बसवलं आणि ज्याला जो विषय महत्त्वाचा वाटतो तो त्याने उठून भिंतीवर लावावा, एवढंच सांगितलं. गोल बसण्याची रीत त्याला पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातल्या एका खेड्यात दिसली होती. तिथे चार दिवसांचा मोठा विधी कोणत्याही आयोजन समितीशिवाय पार पडलेला त्याने पाहिला होता. १९८९ मध्ये आपल्या गोव्यातही या रीतीने एक परिषद झाली. ओवेनने या पद्धतीवर ना मालकी सांगितली ना प्रमाणपत्रं काढली. ज्याला हवी त्याने वापरावी, आणि वापरणारे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या देशात भेटून आपला अनुभव याच रीतीने एकमेकांपुढे ठेवतात.

नेमकं हेच आमच्या खर्चाला हातभार लावणाऱ्या संस्थेला पचेना. तिथल्या सरांनी फोनवर विचारलं, "दोन दिवसांचं वेळापत्रक पाठवा. वक्ते कोण? ठराव किती होतील? प्रमाणपत्र कुणाच्या सहीने देणार?" वाईट माणूस नव्हता. त्यालाही वर काहीतरी दाखवायचं होतं. मी वेळापत्रकात नाश्ता, चहा, जेवण, चहा एवढंच लिहून पाठवलं आणि 'मधल्या वेळेत काम' अशी एक ओळ टाकली. तेवढ्यावर त्यांनी होकार दिला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

दिवाळी होऊन गेली होती, तुळशीचं लग्न लागायचं होतं. लग्नसराई सुरू व्हायच्या आधीचे ते दिवस, म्हणून अकोले रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय अर्ध्या भाड्यात मिळालं. वरच्या डांगाणातल्या, म्हणजे डोंगराळ भातपट्ट्यातल्या, बायकांची भातकापणी उरकली नव्हती, तरी आल्या. सेहेचाळीस जण झाले. खुर्च्या गोल मांडल्या. मधोमध स्वयंपाकघरातली मोठी पितळी परात, तिच्यात कोरे कागद आणि स्केचपेनं. भिंतीवर खाकी कागद चिकटवून त्यावर वेळा आणि जागा आखल्या : पिंपळाखाली, स्टेजवर, पंगतीच्या हॉलमध्ये, वरपक्षाची खोली, वधूपक्षाची खोली.

मी चार गोष्टी सांगितल्या. जे येतील तीच योग्य माणसं. सुरू होईल तीच योग्य वेळ. जे घडेल तेच घडू शकत होतं. संपलं की संपलं. आणि एक नियम, दोन पायांचा : जिथे तुम्ही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून पाय उचला आणि दुसरीकडे जा.

'जे येतील तीच योग्य माणसं' ही पहिली गोष्ट आमच्या लोकांना किती परकी वाटली असेल ते गणपूर्ती, म्हणजे कोरम, मोजलेल्यालाच कळेल. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला कमी आकडा तरी भरायलाच हवा. तो भरेपर्यंत दारोदार फिरायचं, हेच आमचं काम. आणि उठून जाणं तर त्याहून अवघड. आपल्याकडे बोलणाऱ्यासमोरून उठणं म्हणजे त्याचा अपमान, आणि बाईने उठायचं तर कुणाला तरी विचारूनच. एकीने मला तीनदा विचारलं, "ताई, तुमच्या गटातून उठले तर तुम्हाला राग नाही ना यायचा?" मी तीनदा नाही म्हटलं. तिसऱ्या वेळीही तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

मग मी म्हटलं, "ज्याला विषय मांडायचाय त्याने यावं, कागदावर लिहावं, मोठ्याने वाचावं आणि भिंतीवर लावावं." आणि खाली बसले.

कुणी उठलं नाही.

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी जेवणाच्या ताटांचा ढीग लावत होतं. माझ्या सहकारणीने डोळ्यांनी खुणावलं, तू एक लाव ना. पर्समध्ये मी लिहून आणलेले चार विषय खरंच होते, वेळ पडलीच तर म्हणून. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. अशा शांततेत बसायला मी शेकडो लोकांना शिकवलं आहे : गटात कुणी बोलत नसेल तर मनात साठपर्यंत मोजा. मी साठ मोजले, परत साठ मोजले. सातवं मिनिट चालू असताना एक पोरगा उठला. पेसा मोबिलायझर, पंचविशीचा असेल. परातीजवळ गुडघ्यावर बसून त्याने लिहिलं आणि उभं राहून वाचलं : "कोरमच्या सह्या मी घरोघर जाऊन घेतो. हे बंद कसं करायचं?"

सगळं कार्यालय गप्प. हे सगळे करतात, आणि कुणीही कधी म्हटलेलं नव्हतं. तेही खर्च देणाऱ्या संस्थेचे सर समोर बसलेले असताना. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मागून एका बाईंचा आवाज आला, "माझाही तोच घ्या." आणि मग परातीजवळ रांगच लागली. 'अध्यक्षबाईचा नवरा'. 'कर्ज थकलं की बाई बैठकीला यायची बंद होते'. 'मी बोलायचं थांबवलं की कुणीच बोलत नाही'. 'ॲपवर हजेरी, माणूस कुठे?' सतरा विषय लागले. पर्समधले चार तसेच घरी परत आले.

त्या सतरात एक कागद पन्नाशी ओलांडलेल्या एका मावशींचा होता. शांत, काटक बाई, अठरा वर्षं गट चालवलेली. त्यांनी वाचलं, "माझा गट मोडला," आणि कागद दुपारी अडीचच्या रकान्यात, वधूपक्षाच्या खोलीपुढे लावला.

सकाळच्या सत्रांबद्दल फार सांगत नाही. सकाळ चांगली गेली. लोक आधी चाचरत होते, मग आवाज चढले, आणि अकराच्या सुमाराला ती तीनदा विचारणारी बाई पहिल्यांदा उठली. पिशवीसकट, जणू बाथरूमला चाललीय अशी. बाहेर येऊन तिने इकडेतिकडे पाहिलं आणि स्टेजवरच्या गटात जाऊन बसली. मला तेव्हा फार बरं वाटलं.

दुपारी अडीचला सह्यांचा विषयही होता, पिंपळाखाली. जेवून उठलेली जवळजवळ सगळी माणसं तिकडे लोटली. उरलेली स्टेजवर. मी पाण्याचा तांब्या घेऊन व्हरांड्यातून चालले होते. वधूपक्षाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत भिंतीला मोठा आरसा, कोपऱ्यात मागच्या कुठल्या तरी लग्नातल्या सुकलेल्या मुंडावळ्या, सतरंजीवर मावशी. मांडीवर कोरा कागद. एकट्याच.

मी दारात थांबले. त्यांनी वर पाहिलं. मी एक पाऊल आत टाकलंही होतं.

त्या क्षणी मला जाऊन त्यांच्याशेजारी बसायचं होतं. सोळा वर्षांत मी दुसरं काय केलंय? कुणी एकटं पडलं की शेजारी जाऊन बसायचं, हात धरायचा, विचारायचं. पण मी आत गेले असते तर ती प्रशिक्षक ताईने केलेली विचारपूस झाली असती. मी दोन प्रश्न विचारले असते, त्यांनी मला हवी ती उत्तरं दिली असती आणि शेवटी मी काहीतरी समजुतीचं बोलले असते. शिवाय जे येतील तीच योग्य माणसं, हे मीच सकाळी सेहेचाळीस जणांसमोर म्हटलं होतं. आलेलं माणूस एकच असेल तर तेही योग्यच धरायला हवं होतं. मी मागे फिरले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिले. पंचेचाळीस मिनिटं. तांब्या हातातच. पिंपळाखालून हशा येत होता, कुणी तरी भांडतही होतं, आणि माझं सगळं लक्ष त्या दाराकडे. मी चूक करते आहे असं त्यातला निम्मा वेळ मला वाटत होतं.

प्रत्येक गटाने आपलं इतिवृत्त लिहून संध्याकाळी भिंतीवर लावायचं होतं. मावशींचं दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. वर लिहिलं होतं : 'हजर : १'. खाली गटाच्या अठरा वर्षांची हकिगत, कोण कोणत्या वर्षी गेलं आणि का. ऊसतोडीला गेलेल्या दोघी. मुलाकडे पुण्याला गेलेली एक. कर्जावरून बोलाचाली झालेल्या तिघी. आणि शेवटाला, बाकीच्यापेक्षा बारीक अक्षरात : "पहिली बाई आली नाही तेव्हा मी गैरहजर लिहिलं. दुसऱ्या महिन्याला परत गैरहजर लिहिलं. तिच्या घरी गेले नाही. तिथून गट सुटत गेला. मला आज कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचे कप हातात घेऊन लोक भिंत वाचत होते. त्या कागदासमोर माणसं जास्त वेळ थांबत होती. कुणी मावशींना जाऊन काही म्हटल्याचं मी पाहिलं नाही. पण परातीतून कागद उचलून ज्यांनी त्या दिवशी विषय लावले, त्यांतल्या पाच जणांचा विषय गैरहजरीचाच होता.

निघताना मावशी माझ्याजवळ आल्या. "तुम्ही दारात आला होतात."

"हो."

"मला राग आला होता तुमचा. एवढ्या लांबून आले, आणि तुम्हीपण परत गेलात."

मी काहीच बोलले नाही. माफी मागावी असं वाटलं, पण ती कशाबद्दल मागायची ते मला ठरवता येईना.

"मग म्हटलं, कुणी येत नाही तर लिहून तरी टाकू," त्या म्हणाल्या आणि एसटी पकडायला गेल्या.

मेळ त्या दोन दिवसांतून उभा राहिला, हे खरं. पण सरळ उभा राहिला नाही. पहिल्या मासिक भेटीला सेहेचाळीसातले अकरा आले. सरांचा फोन आला, बाकीचे का गळाले? मी म्हटलं, गळाले नाहीत, आज आले नाहीत. आणि हे म्हणताना मलाच मावशींचा कागद आठवला. आम्ही अकरा जणांनी बाकीचे पस्तीस वाटून घेतले आणि प्रत्येकाला फोन केला. तुम्ही का नाही आलात असं विचारायचं नाही, तुमच्याकडे काय चाललंय एवढंच विचारायचं, हे आपसात ठरवलं. पुढच्या महिन्यात एकोणीस झाले. मग नोंदणीवरून वाद झाला. काहींना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवून अध्यक्ष, सचिव, लेटरहेड हवं होतं, म्हणजे निधी मागता येईल. त्यांचं चूक नव्हतं. यायच्या-जायच्या एसटीचे पैसेही खिशातून जातात. दोन भेटी त्यावरच गेल्या. नोंदणी करायची नाही असं ठरल्यावर चौघं यायचे थांबले. त्यांना अजूनही फोन जातो.

या वादात मला मेंढा-लेखाचा फार उपयोग झाला. गडचिरोलीतलं हे गोंड आदिवासींचं गाव. २००९ साली देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळवलेल्या गावांतलं. त्यांच्याकडे निर्णय ग्रामसभा घेते, तेही सर्वसहमतीने, आणि समजून घ्यायचं काम वेगळ्या अभ्यासगटात चालतं. तिथे बाहेरचा माणूसही येऊन बोलू शकतो, पण निर्णय गावाचाच. आमचा मेळ हा अभ्यासगट आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. इथे ठराव होणार नाहीत. प्रत्येकाने समजून घ्यायचं आणि आपापल्या बैठकीत जाऊन ठरवायचं. सूचक नाही, अनुमोदक नाही. सगळी बैठक आयत्या वेळच्या विषयांचीच.

आता चौदा महिने झाले. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दर वेळी वेगळ्या गावात. डबा ज्याचा त्याने आणायचा. गोल कोण मांडणार हे मागच्या भेटीतच ठरतं आणि सुरुवातीचं मीही आता सांगत नाही. त्या मोबिलायझर पोराने दोनदा सांगितलं आणि माझ्याहून चांगलं सांगितलं, कारण तो घाईत शांतता मोडत नाही. त्याच्या गावात सह्या अजून काही घरी घ्याव्याच लागतात. पण आता तो घरी गेला की सहीआधी विषय वाचून दाखवतो आणि ते काय म्हणतात ते वहीत लिहून आणतो.

परात मी बरोबर नेत असते. ती त्या कार्यालयातली नाही, नंतर संगमनेरच्या बाजारातून घेतली. एसटीत मांडीवर घेऊन बसते, लोक विचारतात, कुणाचं लग्न आहे.

पुढची भेट मावशींच्या गावी आहे. त्यांनी नवा गट सुरू केलाय, नऊ जणींचा. त्यातल्या दोघी जुन्या गटातल्या. पहिली गेलेली ती बाई त्यात आहे का, हे मी विचारलेलं नाही. परवा मावशींचा फोन आला. किती माणसं, कुठली गाडी, एवढं विचारून झालं. ठेवता ठेवता म्हणाल्या, "आणि ताई, परात आणू नका. माझ्याकडे आहे."