‘गिअरबॉक्स गेलाय’, पण उघडून बघितलं कोणी?

माझी गाडी 2012 ची. पेट्रोल, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनचा जोर ऑईलमधून गिअरबॉक्सला पोचवणारी ऑटोमॅटिक. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच नको म्हणून घेतली आणि 13 वर्षं तिने मुलुंड ते ऐरोली ये-जा निमूटपणे केली. गेल्या जूनमध्ये एका सकाळी ऐरोली पुलावर पाय दाबला, तर इंजिन ओरडायला लागलं. आरपीएमचा काटा 4000 वर आणि गाडी जेमतेम चाळिशीत. मागे डंपर. दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडतच नव्हता. सोसायटीत रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नसे, मग धाडकन धक्का. वॉचमन काकाही लांब उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करायला लागले.

गाडी नेहमीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली. नाव लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी तिथल्या अ‍ॅडव्हायझरचा फोन आला. ‘मॅडम, गिअरबॉक्स गेलाय. पूर्ण असेम्ब्ली बदलावी लागेल. 1,86,000, लेबर वेगळं.’

गाडी विकली तरी एवढे आले नसते. मी विचारलं, गिअरबॉक्सचं ऑईल कसं होतं?

‘मॅडम, स्कॅनरमध्ये आलंय ना.’

काय आलंय?

‘गिअरबॉक्सचा कोड.’

कोणता कोड?

‘सरांना जरा फोन देता का?’

गाडी माझ्या नावावर आहे, हप्ते मी फेडलेत आणि आमच्या ‘सरां’ना ऑटोमॅटिकमध्ये डी आणि दोन यातला फरक आजही सांगता येणार नाही. एवढं सगळं फोनवर बोलले नाही. म्हटलं, स्कॅनचा प्रिंट द्या, मग ठरवते.

त्या एका कागदापायी 24 दिवस गेले. आधी प्रिंटर बंद होता. मग ज्याने स्कॅन केला तो टेक्निशियन गावाला गेला. मग ‘सिस्टिमवर आहे, पण कस्टमरला द्यायची पॉलिसी नाही’. पुढच्या आठवड्यात तोच अ‍ॅडव्हायझर म्हणाला, ‘पार्ट ऑर्डर केलात की सगळे पेपर मिळतील.’ म्हणजे आधी 1,86,000 ला हो म्हणा, मग कशासाठी ते कळेल. मध्ये एकदा मेसेज आला की निर्णय कळवला नाहीत तर रोजचं पार्किंग लावू. स्कॅनिंगचे 1,180 रुपये मात्र पहिल्याच दिवशी जीएसटीसकट घेतले होते आणि त्याची पावती व्यवस्थित छापून मिळाली होती. त्या दिवशी प्रिंटर चालू होता!

शेवटी एका शनिवारी डबा घेऊनच गेले आणि त्यांच्या सोफ्यावर बसले. बाहेर धो धो पाऊस, आत काचेतून माझी गाडी दिसत होती, चिखलाने माखलेली. दोन वाजता एका तरुण टेक्निशियनला दया आली. त्याने टॅब माझ्यासमोर धरला. ‘फोटो काढा पटकन.’

स्क्रीनवर एकच ओळ होती: पी0700.

हा कोड म्हणजे काय ते घरी येऊन वाचलं आणि डोकंच फिरलं. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटने इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवलंय की आपल्याकडे काहीतरी बिघाड नोंदला गेलाय, बस. दारावरची बेल. कोण आलंय ते बघायला दार उघडावं लागतं, म्हणजे त्या युनिटमधले स्वतःचे कोड वाचावे लागतात. सोलेनॉइड (आतल्या ऑईलची वाट उघडबंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) असेल, स्पीड सेन्सर असेल, एखादी कुरतडलेली वायर असेल. काही हजारांत सुटण्यासारखं यातलं बरंच काही असतं. यांनी बेल ऐकून घर पाडायला सांगितलं होतं.

म्हणून सांगते, गाडी सोडतानाच जॉब कार्डवर लिहून घ्या: ‘ट्रान्समिशन युनिटमधले सर्व कोड लेखी द्यावेत, ऑईल तपासून कळवावं.’ मी फक्त ‘पिकअप नाही’ एवढंच लिहू दिलं. ती चूक माझी.

गाडी तिथून कुर्ल्याला हलवली, ऑटोमॅटिकचंच काम करणाऱ्या एका गॅरेजमध्ये. टो करताना पुढची चाकं उचललेली हवीत, किंवा सरळ फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक मागवा. पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक दोरी लावून ओढली तर इंजिन बंद असल्यामुळे आतला ऑईलचा पंप फिरत नाही आणि उरलासुरला गिअरबॉक्सही कोरडा घासून जातो. व्हॅनवाला दोरीच घेऊन आला होता, परत पाठवला.

तिथल्या मिस्त्रींनी आधी डिपस्टिक काढली आणि पांढऱ्या फडक्यावर पुसली. ऑईल लाल आणि पारदर्शक हवं. माझं तीनदा उकळलेल्या चहासारखं, वर जळका वास. त्यांच्या स्कॅनरवर पी0733 आला, तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर चुकतंय. मग चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालची ऑईलची परात, खोललं. तिच्यातल्या चुंबकावर थोडा राखाडी गाळ असतोच, पण इथे तळाला काळी भुकटी आणि धातूचे पापुद्रे होते. ‘ताई, क्लच प्लेटा संपल्यात. पायाखाली क्लच नसला तरी ऑटोमॅटिकच्या आत गिअर धरायला त्या असतातच. नुसतं सोलेनॉइड असतं तर तासाभरात गाडी दिली असती.’

सगळं मिळून दोन तास. आणि निष्कर्ष काय? गिअरबॉक्स गेलाय. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं खरं निघालं, आणि याचा मला जास्त संताप आला. न बघता बरोबर आलेलं उत्तर होतं ते.

रात्री 13 वर्षांच्या बिलांची फाईल काढली. एसीचा फिल्टर सहा वेळा, ‘इंटिरिअर क्लीनिंग’ चार वेळा. गिअरबॉक्सचं ऑईल एकदाही नाही. तुमच्या फाईलमध्ये ही ओळ शोधा.

पुढचं काम झरझर झालं. त्या प्लेटा ज्यात बसतात तो ड्रमही खरवडला होता, म्हणून प्लेटा बदलून भागणार नव्हतं. अपघातात भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलचा गिअरबॉक्स 48,000 ला मिळाला. त्यावर ठोकलेला मॉडेलचा कोड माझ्या जुन्याशी ताडून पाहिला आणि त्याचं चेंबर माझ्यासमोर उघडायला लावलं. आत लाल ऑईल दिसल्यावरच पैसे दिले. लेबर 16,000, ऑईल, सील आणि एक माउंटिंग (गिअरबॉक्सला आधार देणारा रबराचा भाग) वेगळं. गिअरबॉक्सचं ऑईल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपा धुवून घ्यायला मात्र विसरू नका, नाहीतर जुनी भुकटी नव्या गिअरबॉक्समध्ये जाते. आरटीओचं काहीजण घाबरवतात. इंजिन बदललं तर आरसीवर नोंद लागते, गिअरबॉक्सचा नंबर तिथे नसतोच. 2027 मध्ये 15 वर्षं भरतील, तेव्हा पासिंगला जाईन तशीच.

तीन महिन्यांची वॉरंटी मिस्त्रींनी बिलाच्या मागे पेनाने लिहून दिली. रिव्हर्स आता टाकल्याबरोबर पडतो, वॉचमन काका परत जवळ येऊन उभे राहतात. परवा पार्किंगमध्ये गाडीखाली एक थेंब दिसला. बोटावर घेऊन बघितला तर लाल होता, काळा नाही. अ‍ॅक्सलचं सील असणार. शनिवारी कुर्ल्याला जाते आहे, वॉरंटीचे अजून 11 दिवस शिल्लक आहेत.