डाग तसाच, माणूस बरा

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले काका न्यूमोनियाने आमच्याकडे, कोपरीतल्या छोट्या हॉस्पिटलात, दाखल झाले तेव्हा रक्तातला ऑक्सिजन 86 टक्के होता, ताप 103 आणि बेडका गंजाच्या रंगाचा. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग एक्स-रेवर पांढराफेक. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी ते ऑक्सिजनशिवाय वॉर्डभर चालले, दम लागला नाही. सीआरपी, म्हणजे सूज असताना रक्तात वाढणारं प्रथिन, 240 वरून 38 वर आलं होतं. थुंकीची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह, म्हणजे टीबीची धास्तीही मिटली होती.

मी डिस्चार्ज लिहीत होते तेवढ्यात त्यांचा मुलगा दोन एक्स-रे घेऊन आला. एक दाखल केल्या दिवशीचा, दुसरा घरच्यांच्या आग्रहावरून त्या सकाळी काढलेला. दोन्ही खिडकीकडे धरून म्हणाला, "मॅडम, डाग तर जागच्या जागी आहे. अजून स्ट्राँग औषध द्या ना." आणि मग एक प्रश्न विचारला, जो मला इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी विचारलाय. "जंतू मेले म्हणताय, तर मग हे पांढरं आहे काय?"

बाहेर ओपीडी खोळंबली होती, तरी मी त्याला बसवून घेतलं.

फुप्फुसातल्या वायुकोशांत हवा असते, म्हणून निरोगी फुप्फुस एक्स-रेवर काळं दिसतं. न्यूमोकोकससारखा जंतू शिरला की आसपासच्या केशवाहिन्या पाझरू लागतात. वायुकोशांत पाणी भरतं, तांबड्या पेशी उतरतात (काकांच्या बेडक्याचा रंग त्यांचाच), रक्त गोठवणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाचं जाळं बनतं आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी झुंडीने येतात. हवेची जागा या सगळ्या ऐवजाने घेतली की तो भाग घट्ट होतो. आमच्या मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी म्युझियममध्ये अशा फुप्फुसाची बरणी होती. कापलेला भाग करडा आणि यकृतासारखा भरीव, म्हणून त्या अवस्थेचं नावच यकृतावरून पडलं आहे. अँटिबायोटिक नसलेल्या काळात कित्येक माणसं त्या अवस्थेतच जायची. काकांचं फुप्फुस तिथवर पोचून परत फिरत होतं, आणि मुलाच्या हातातल्या फिल्मवर तेच दिसत होतं.

ही परतीची वाट मला या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते. जंतू संपले की सूज, म्हणजे त्यांच्याविरुद्ध शरीराने पेटवलेला हा दाह, आपोआप विझते, अशी समजूत फार काळ होती. पण सूज उतरवणं हे शरीराचं वेगळं, स्वतंत्र काम आहे. चार्ल्स सेरहान या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये लिपॉक्सिन हे सूज उतरवणारे रेणू ओळखले. पुढे 2000 नंतरच्या काळात त्यांच्याच प्रयोगशाळेने ओमेगा-3 चरबीपासून बनणारे रिझॉल्विन शोधले. हे रेणू नव्या न्यूट्रोफिलना आत येण्यापासून थोपवतात आणि मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशींना कामाला लावतात. आणखी नवल म्हणजे, ताप आणि सूज चढवणाऱ्या प्रोस्टाग्लॅंडिनमुळेच पुढे पेशी लिपॉक्सिन बनवू लागतात. म्हणजे सूज सुरू होतानाच ती संपवण्याची तजवीज झालेली असते.

न्यूट्रोफिलचं आयुष्य थोडकं. तो तसाच फुटला तर त्याच्यातली विकरं (एन्झाइम) आपल्याच ऊतींना खातील. म्हणून तो आतल्या आत, शिस्तीने मरतो, आपल्या पृष्ठभागावर तशी खूण उमटवतो आणि ती ओळखून मॅक्रोफेज त्याला अख्खा गिळतो. गिळल्यावर खुद्द मॅक्रोफेजचाही स्वभाव पालटतो. दाह वाढवणारे संदेश थांबवून तो दुरुस्तीचे संदेश देऊ लागतो. फायब्रिन विरघळतं, उरलेलं काही खोकल्यातून निघतं, काही लसिकेतून (लिम्फमधून) वाहून जातं.

"या कामाला दिवस नाही, आठवडे लागतात," मी मुलाला म्हणाले. "पन्नाशीपुढच्या आणि विडी ओढणाऱ्या माणसात तर आणखी जास्त. स्ट्राँग अँटिबायोटिक जंतू मारेल, सफाई नाही करणार." सीआरपीचा कागद त्याच्यापुढे ठेवला. यकृताने ते बनवणं थांबवलं की रक्तातलं प्रमाण साधारण 19 तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे एक्स-रेच्या कितीतरी आधी ते खरं सांगतं. पण सहा आठवड्यांनी एक्स-रे करायचाच, हेही बजावलं. कधी सफाई अडते आणि त्या जागी तंतुमय ऊती भरते, तर कधी न्यूमोनियाच्या आड गाठ दडलेली असते. विडी ओढणाऱ्याच्या बाबतीत मी ही तपासणी कधीच सोडून देत नाही.

दाराशी उभ्या काकूंनी विचारलं, तारली-बांगडा दिला तर चालेल का? चालेल काय, द्याच म्हटलं. रिझॉल्विन ज्या चरबीपासून बनतात ती या माशांत भरपूर असते आणि आजारातून उठलेल्या माणसाला प्रथिनंही हवीत. मात्र मासे खाल्ल्याने डाग लवकर जाईल, असं मी त्यांना सांगितलं नाही. तसं वचन द्यावं एवढा पुरावा नाही. ओमेगा-3 च्या महागड्या गोळ्या घेऊ नका, हे मात्र सांगितलं.

सहा आठवड्यांनी मुलगा तिसरी फिल्म घेऊन आला, सोबत काका. उजवी बाजू डावीइतकीच काळी, फुप्फुसाखालच्या श्वासपटलाची कड रेखीव. त्वचेला खोल जखम झाली तर व्रण राहतो. इथे फुप्फुसाचा अख्खा खंड भरीव होऊन पुन्हा मोकळा झाला आणि खूणही उरली नाही, कारण वायुकोशांचा मूळ सांगाडा शाबूत होता. त्यावर वायुकोशांच्या अस्तरातल्या टाइप-2 पेशी विभागल्या, पसरल्या आणि नवं अस्तर तयार झालं. गळू झालं असतं तर सांगाडाच गेला असता आणि व्रण राहिला असता. मुलाने तीनही फिल्म टेबलावर ओळीने मांडल्या आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला.

न्यूमोकोकसची लस त्याच दिवशी दिली. विडी सुटण्यासाठी काकांना पुढच्या महिन्यात परत बोलावलंय.